जुना फ्लॅट विकताना घेणाऱ्याला काय सांगावं लागतं आणि काय लिहून द्यावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातला १९९६ सालचा फ्लॅट, वडिलांनी बिल्डरकडून घेतलेला. २०१४ मध्ये त्यांनी तो तारण ठेवून कर्ज काढलं आणि २०१८ मध्ये फेडलं. २०१९ मध्ये वडील वारले, मृत्युपत्र नाही. सोसायटीने नॉमिनी म्हणून आईचं नाव शेअर सर्टिफिकेटवर चढवलं. आता विकायचा आहे. बहीण परदेशात स्थायिक आहे. हॉलच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि ड्राय बाल्कनी स्वयंपाकघरात घेतलेली आहे. घेणाऱ्याला कायद्याने काय काय सांगावं लागतं, आणि त्यासाठी ठरलेला फॉर्म आहे का?

फॉर्म नाही. काही देशांत विकणाऱ्याला छापील माहितीपत्रक भरून द्यावं लागतं, आपल्याकडे जुन्या घराच्या विक्रीला तसं काही नाही. महारेराच्या संकेतस्थळावर माहिती जाहीर करण्याचं बंधन बिल्डरवर आहे. स्वतःचा जुना फ्लॅट विकणारा त्यात येत नाही. यावरून ‘म्हणजे आपल्यावर काहीच बंधन नाही’ असा निष्कर्ष बरेच जण काढतात आणि तिथेच चुकतात.

बंधन आहे, आणि ते १८८२ पासून आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५(१)(अ) सांगतं की मिळकतीत किंवा मालकी हक्कात असा महत्त्वाचा दोष असेल जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, तर तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. पुढे त्याच कलमात हेही आहे की घेणाऱ्याने मागितल्यावर मालकीचे कागद तपासायला द्यायचे आणि मिळकतीबद्दल विचारलेल्या प्रत्येक संबंधित प्रश्नाला आपल्या माहितीप्रमाणे उत्तर द्यायचं. कलमाच्या शेवटी तर स्पष्टच म्हटलंय की असा दोष न सांगणं म्हणजे कपट. एरवी करार कायद्यात नुसतं गप्प राहणं हे कपट धरत नाहीत, बोलण्याचं कर्तव्य असेल तरच धरतात. इथे ते कर्तव्य कायद्यानेच घातलेलं आहे.

फुटलेली फरशी, गंजलेलं ग्रिल, अरुंद जिना हे बघायला आलेल्या कुणालाही दिसतं, ते सांगितलं नाही म्हणून काही बिघडत नाही. पण मे महिन्यात पुट्टी मारून, रंग देऊन दाखवलेली ओली भिंत घेणाऱ्याला दिसणं शक्य नाही. ती सांगावीच लागते. ‘फ्लॅट जसा आहे तसा पाहून, पसंत करून घेतला आहे’ हे वाक्य करारात टाकलं की सुटलो, असं एजंट सांगतात. ते वाक्य दिसणाऱ्या गोष्टींपुरतं चालतं. माहीत असून दडवलेल्या गोष्टीला त्याचं संरक्षण मिळत नाही.

आता तुमच्या प्रकरणातला सगळ्यात गंभीर मुद्दा, आणि तो ओलीचा नाही. शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव आहे म्हणून आई एकटी मालक होत नाही. नॉमिनीचं नाव लागतं ते सोसायटीला कुणाशी व्यवहार करायचा हे कळावं म्हणून. मालकी वारसा कायद्याने ठरते. हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर वडिलांचा हक्क पहिल्या वर्गाच्या वारसांना समान जातो. म्हणजे आई, तुम्ही आणि बहीण, प्रत्येकी एक तृतीयांश. आईने एकटीने ‘मी पूर्ण मालक आहे’ असं लिहून दिलं तर तो मालकीतला दोष दडवल्याचा सरळ प्रकार होतो.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. वडील गेले तेव्हा त्यांची आई, म्हणजे तुमची आजी, हयात होती का? पहिल्या वर्गात मृताची आईही येते. ती हयात असेल तर वाटे चार होतात. त्यानंतर आजी मृत्युपत्र न करता गेली असेल, तर तिचा एक चतुर्थांश हिस्सा तिच्या वारसांकडे गेला. त्यात काका आणि आत्या आले, आणि आधी वारलेल्या मुलाची मुलं म्हणून तुम्ही दोघंही आलात. सौदा ठरल्यावर घेणाऱ्याच्या वकिलाने ‘वडिलांच्या आईच्या मृत्यूचा दाखला द्या’ म्हटलं की लोक गोंधळतात, पण तो नेमकी हीच तारीख तपासत असतो. म्हणून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करताना वरची पिढी सोडू नका. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आजी-आजोबांच्या मृत्यूच्या तारखा आणि सर्व वारसांची नावं एका पानावर मांडा.

पुढे दोन मार्ग आहेत. एकतर सगळे वारस करारात ‘लिहून देणार’ म्हणून सही करतात. नाहीतर बाकीचे आधी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतात आणि मग आई एकटी विकते. घेणारा ठरलेला असेल तर पहिला मार्ग बरा, एक दस्त वाचतो. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेलं ‘ना हरकत’ पत्र दोन्हीची जागा घेऊ शकत नाही, कारण स्थावरातला हक्क सोडण्याचा दस्त नोंदवावाच लागतो. वारसांत कुणी अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल तर त्याच्या हिश्श्याच्या विक्रीला न्यायालयाची आधी परवानगी लागते. ती न घेता केलेली विक्री तो सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतो.

बहिणीला येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं. ही मुदत अनेकांच्या हातून जाते, कारण पाकीट आलं की ते कपाटात ठेवलं जातं. त्या पत्रात फ्लॅटचं पूर्ण वर्णन आणि विकण्याचा, सही करण्याचा, दस्त नोंदवायला हजर राहण्याचा अधिकार स्वतंत्रपणे लिहा. मोबदला घेण्याचा अधिकार द्यायचा की पैसे थेट तिच्या खात्यात जायचे, हेही लिहा. नोंदणीच्या दिवशी मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे आणि पत्र रद्द केलेलं नाही, असं घोषणापत्र लागतं.

बहीण अनिवासी आहे हीसुद्धा सांगण्याचीच बाब आहे, कारण कराची जबाबदारी घेणाऱ्यावर पडते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून घेणारा १ टक्का कर कापतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा सर्व विक्रेत्यांची रक्कम एकत्र धरून मोजतात. समजा किंमत ८५ लाख आहे. प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाअठ्ठावीस लाखांच्या आसपास येतात, म्हणून कपात नाही, हा हिशेब आता चालत नाही. बहिणीच्या हिश्श्याला तर हा १ टक्क्याचा नियमच लागू नाही. अनिवासीसाठी वेगळी तरतूद आणि चढा दर आहे, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र तिने आयकर खात्याकडून आधी आणलं नाही तर सावध खरेदीदार तिच्या पूर्ण रकमेवर त्या दराने कापतो. नंतर परतावा मिळतो, पण पैसे अडकतात. तेव्हा ते प्रमाणपत्र साठेखताआधीच (विक्रीच्या नोंदणीकृत कराराआधीच) मागायला घ्या. आणि ती अनिवासी आहे हे घेणाऱ्याला विसार घेण्यापूर्वी लेखी कळवा. त्याने चुकून १ टक्काच कापला तर नोटीस त्याला येते, आणि तो तुमच्याकडे येतो.

कर्जाचं. २०१४ मध्ये मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतलं असेल तर त्याची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ (कागद तारण ठेवल्याची सूचना) दुय्यम निबंधकाकडे दाखल झालेली असणार, कारण महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून ती सक्तीची आहे. कर्ज फिटलं म्हणून ती नोंद आपोआप पुसली जात नाही. घेणाऱ्याच्या वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये ती येणारच. आपण होऊन आधी सांगितली तर ती एक साधी नोंद ठरते, त्याने शोधून काढली तर संशय. बरोबर बँकेचं कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र, परत मिळालेल्या मूळ कागदांची यादी आणि सेरसाई या केंद्रीय नोंदणीतला बोजा उतरवल्याची पोच द्या. सोसायटीच्या दप्तरातही बँकेचा बोजा नोंदलेला असतो. तो सचिवांना पत्र देऊन कमी करून घ्या, कारण ना देय दाखला देताना नेमकं तेच वर येतं. (१ डिसेंबर २०२३ नंतर फिटणाऱ्या कर्जांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: ३० दिवसांत मूळ कागद परत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तुमचं कर्ज त्याआधीचं आहे, तेव्हा कागद अजून बँकेतच असतील तर आजच अर्ज करा.)

मूळ करारनामा हरवला असेल तर लपवू नका, त्याला ठरलेली वाट आहे. पोलिसांत हरवल्याची नोंद, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, चौदा-पंधरा दिवस हरकतीसाठी, मग प्रतिज्ञापत्र आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत. खरी भीती कागद हरवल्याची नसते, तो कुठे गहाण पडला आहे का याची असते. म्हणून प्रतिज्ञापत्रात ‘सदर मूळ दस्त कोणाकडेही तारण ठेवलेला नाही’ हे वाक्य पाहिजेच.

१९९६ चा करार नोंदवलेला आहे ना आणि त्यावर तेव्हाचं पुरेसं मुद्रांक शुल्क भरलंय ना, हेही बघा. १० डिसेंबर १९८५ पासून महाराष्ट्रात फ्लॅटच्या करारालाच खरेदीखताइतकं शुल्क लागतं. तुमचा करार त्यानंतरचा, म्हणजे दहा-वीस रुपयांच्या स्टॅम्पवर असेल तर तूट आहे. तुटीवर दरमहा २ टक्के दंड चढतो. हा आकडा सौदा ठरण्याआधी कळलेला बरा, नंतर तो कुणी भरायचा यावर भांडण होतं.

इमारतीच्या कागदांत मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) आणि भोगवटापत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) हे तीन महत्त्वाचे. भोगवटापत्र नसेल तर ते सांगणं बंधनकारक समजा. ‘सगळ्या बिल्डिंगचंच नाही’ हे सबब म्हणून चालत नाही. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) सोसायटीच्या नावे झालंय का, तेही लिहा. मिळकत पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचं नाव असेल तर पुनर्विकासाच्या वेळी मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करून घ्यावं लागेल, हे घेणाऱ्याला आजच कळलं पाहिजे. जमीन भाडेपट्ट्याची, सरकारी अटीवरची किंवा म्हाडा-सिडकोची असेल तर हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क हा आणखी वेगळा विषय होतो.

इमारत तीस वर्षांच्या आसपासची आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (मॉडेल बाय-लॉज) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. शेवटच्या अहवालाची प्रत सचिवांकडून घ्या आणि जोडा. अहवालात दुरुस्ती सुचवली असेल, त्यासाठी सर्वसाधारण सभेने वर्गणी ठरवली असेल, तर रक्कम आणि हप्ते लिहा. साठेखत आणि ताबा यांच्या मधल्या काळात येणारा दुरुस्तीचा हप्ता कुणी भरायचा, यावर जितके वाद होतात तितके किमतीवरही होत नाहीत. पुनर्विकासाचा ठराव, विकसकाची नेमणूक, संमतीपत्रावर तुमच्या आईची सही, यातलं काहीही झालं असेल तर तेही आलं.

आता ओल आणि ड्राय बाल्कनी. कसं लिहायचं ते दाखवतो, कारण बहुतेक जण इथे एक गोल वाक्य टाकतात: ‘फ्लॅटमध्ये किरकोळ गळती असू शकते.’ या वाक्याने काहीच सांगितलं जात नाही. वादात ते तुमच्या उपयोगी पडत नाही, उलट माहिती असून मोघम ठेवलं असं दिसतं. त्याऐवजी असं लिहा:

‘हॉलच्या पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीला खिडकीखाली अंदाजे ३ फूट बाय २ फूट भागात जुलै ते सप्टेंबर ओल येते. सन २०२१ मध्ये बाहेरून वॉटरप्रूफिंग केले, बिल सोबत. त्यानंतर ओल कमी झाली, बंद झाली नाही. शेवटची ओल मागील पावसाळ्यात दिसली, फोटो सोबत. मार्च महिन्यात आतून रंग दिला आहे.’

‘मंजूर नकाशात स्वयंपाकघरालगत १.०५ मी. × २.१० मी. ड्राय बाल्कनी आहे. सन २००३ च्या सुमारास मधली भिंत काढून ती स्वयंपाकघरात घेतली. महापालिकेची परवानगी घेतलेली नाही. आजपर्यंत नोटीस आलेली नाही.’

जागा, माप, काळ, केलेली दुरुस्ती, तिचा परिणाम. एवढं असलं की ‘सांगितलं नव्हतं’ म्हणायला जागा राहत नाही. ‘रंग दिला आहे’ हे वाक्य बहुतेकांना गाळावंसं वाटतं, पण पुढे कपटाचा आरोप झालाच तर तो बहुधा ताज्या रंगावरूनच होतो. खालच्या मजल्यावर तुमच्या बाथरूममधून गळती होत असेल आणि त्यांनी सोसायटीकडे तक्रार दिली असेल तर ती तुमच्या घरात दिसत नाही, म्हणून ती हमखास राहते. तीही लिहा.

क्षेत्रफळाबद्दल एक सावधगिरी. १९९६ च्या करारात बहुधा बिल्टअप आकडा असतो. ६५० चौरस फूट लिहिलं असेल तर ते ६०.३९ चौरस मीटर. कार्पेट काढायला सरकारी मूल्यांकनात १.२ ने भागतात, म्हणजे जेमतेम ५४१ चौरस फूट. जाहिरातीत ‘६५०’ आणि प्रत्यक्षात टेप लावल्यावर ५२०, असं झालं की सौदा तिथेच बिनसतो. टेप स्वतः लावा, आणि करारात जुन्या दस्तातला आकडा तसाच ठेवून मोजलेलं कार्पेट वेगळं लिहा.

पार्किंगही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केलं की स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. तेव्हा तुमच्याकडे बिल्डरची पावती असो वा सोसायटीचं वाटपपत्र, ‘पार्किंगसह विक्री’ लिहिण्याआधी सचिवांकडून लेखी विचारून घ्या की जागा नव्या सभासदाकडे जाते की सोसायटीकडे परत येते.

सोसायटीचं काम सोपं आहे, धाक मात्र मोठा दाखवला जातो. हस्तांतरणाच्या इराद्याची १५ दिवसांची नोटीस द्यायची असते. आदर्श उपविधी ३८ प्रमाणे हस्तांतरणाला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागत नाही, मात्र घेणाऱ्याची बँक ते मागते, म्हणून अर्ज करून घ्यावं. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, आणि महापालिका हद्दीत अधिमूल्य (प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर ‘स्वेच्छा देणगी’ मागितली तर ती देण्याचं बंधन नाही. पण तुमच्या बाबतीत मुख्य प्रश्न दप्तरातल्या नावाचा आहे, तेव्हा सर्व वारस विकत आहेत हे सोसायटीलाही त्याच वेळी कळवा.

कोर्टातला दावा किंवा सहकार न्यायालयातली तक्रार असेल तर ‘सर्चमध्ये काही आलं नाही ना’ म्हणून गप्प बसू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं प्रलंबित दाव्याचं कलम ५२ महाराष्ट्रात तेव्हाच लागू होतं जेव्हा दाव्याची नोटीस नोंदवलेली असते. म्हणून न नोंदवलेला दावा सर्चमध्ये दिसतच नाही. तो फक्त तुम्हालाच माहीत असतो. घरात भाडेकरू असेल तर त्याचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, अनामत आणि मुदत द्या.

घरात कुणाचा अपमृत्यू झाला होता हे सांगावं लागतं का, असंही विचारतात. मिळकतीचा किंवा मालकीचा दोष या व्याख्येत ते सहसा बसत नाही, त्यामुळे आपण होऊन सांगण्याची सक्ती धरता येत नाही. पण विचारलं तर खोटं बोलू नका.

हे सगळं मिळून दोन-तीन पानांचं माहितीपत्रक होतं. ते विसार घेण्यापूर्वी द्या, प्रत्येक पानावर घेणाऱ्याची तारखेसह सही घ्या आणि साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडा, म्हणजे ते दस्ताबरोबर नोंदवलं जाईल. मग साठेखतातलं ते नेहमीचं वाक्य दुरुस्त करा: ‘सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असून तीत कोणताही दोष नाही.’ टायपिस्ट ते जुन्या मसुद्यातून उचलतो आणि सगळे न वाचता सही करतात. परिशिष्टात ओल लिहायची आणि कलमात ‘कोणताही दोष नाही’ म्हणायचं, हा विरोध तुमच्याच अंगावर येतो. ‘परिशिष्टात नमूद केलेल्या बाबी वगळता’ एवढे शब्द पुढे घाला. नुकसानभरपाईच्या कलमातही तेच करा. सही झालेली तारीख जपा, कारण कपटाच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत कपट कळल्यापासून मोजतात, व्यवहारापासून नाही. दहा वर्षांनीही प्रश्न येऊ शकतो.

साठेखत आणि ताबा यांच्या दरम्यान नवं काही घडलं, महापालिकेची नोटीस आली, सभेत ठराव झाला, तर पुरवणी पत्र द्या आणि पोच घ्या. मालमत्ता कर, मेंटेनन्स आणि वीजबिल खरेदीच्या तारखेपर्यंत तुमच्याकडे. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका, तेवढाच दंड बसतो. पूर्ण रक्कम मिळाल्यावर मूळ करारनामा, नोंदणी पावती, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), शेअर सर्टिफिकेट आणि बँकेची पत्रं यांची यादी करून दोघांनी सही करा. एक प्रत सगळ्या कागदांच्या स्कॅनसह स्वतःकडे ठेवा. त्याच दिवशी वीज मीटर आणि गॅस मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून तोही यादीला जोडा.